यादी राखणारा कोण? गेस्नरच्या चिठ्ठ्यांपासून संशोधनगटाच्या विकीपर्यंत

आजचा विषय वरवर अगदी कारकुनी वाटेल. एखाद्या विद्यापीठात किंवा संस्थेत आठ-दहा जणांचा संशोधनगट असतो. एक प्राध्यापक, दोन पोस्टडॉक, पाच-सहा पीएच.डी.चे विद्यार्थी. त्यांनी काय काय छापलं त्याची एक यादी असते. हल्ली ती सामायिक विकीवर ठेवतात. म्हणजे असं पान, जे गटातला कुणीही उघडू शकतो आणि कुणीही दुरुस्त करू शकतो. आता यात बोलण्यासारखं काय आहे?

तर बघा, त्या पानावर तीन प्रश्न दबा धरून बसलेले असतात. पहिला, नोंद कशाची करायची? दुसरा, ती कुणाच्या नावावर घालायची? आणि तिसरा, सगळ्यांच्या मालकीची वस्तू सांभाळायची कुणी? हे प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचे आहेत. पावणेपाचशे वर्षं माणसं त्यांच्याशी झुंजत आली आहेत. आज आपण तोच इतिहास पाहू आणि शेवटी त्या विकीच्या पानाकडे परत येऊ.

सुरुवात करू या झुरिकपासून. कॉनराड गेस्नर हा तिथला वैद्य आणि निसर्गअभ्यासक. १५४५ साली, वयाच्या तिशीच्या आतच, त्यानं 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस' नावाचा प्रचंड ग्रंथ काढला. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांमधल्या साऱ्या लेखकांची आणि त्यांच्या ग्रंथांची ती यादी होती. छापलेले आणि न छापलेले, उपलब्ध आणि हरवलेले, चांगले आणि सुमार, सगळे त्यात होते. निवाडा करणं आपलं काम नाही, ते वाचकानं करावं, अशी त्याची भूमिका होती. यादी करणाऱ्यानं आधी सगळं नोंदवावं, तोलणं नंतर. हे तत्त्व लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

गेस्नरनं लेखक लावले ते त्यांच्या पहिल्या नावाच्या अकारविल्हे क्रमानं, आडनावाच्या नव्हे. आज आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. पण विद्वान माणूस ओळखला जायचा तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या नावानं. आडनाव हीच माणसाची खरी खूण, असं काही निसर्गानं ठरवलेलं नाही. तो एक संकेत आहे आणि तो पुढे रूढ झाला.

दुसरी गोष्ट त्याच्या कामाच्या पद्धतीची. १५४८च्या 'पँडेक्टे'मध्ये त्यानं सांगून ठेवलंय की कागदाच्या एकाच बाजूला लिहा, प्रत्येक नोंद नव्या ओळीवर घ्या, मग कात्रीनं ओळी कापा, हव्या तशा लावा, जुळल्या की चिकटवा. म्हणजे नोंद एकदाच लिहायची आणि क्रम कितीही वेळा बदलायचा. आज संगणक हेच करतो. नोंद आणि तिची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला त्याला कात्री पुरली.

आणि तिसरी गोष्ट. ज्यांच्याकडे हा ग्रंथ असेल त्यांनी आपल्या संग्रहातल्या पुस्तकांच्या खुणा त्याच्याच समासात कराव्यात आणि तोच आपला कॅटलॉग म्हणून वापरावा, असंही त्यानं सुचवलं. थोडक्यात, छापील यादीवर वाचकानं भर घालायची. सामायिक यादीचं बीज तिथे दिसतं. फरक एवढाच, की झुरिकमधल्या वाचकानं समासात काय लिहिलं ते पॅरिसच्या वाचकाला कधी कळणार नाही.

आता तीनशे वर्षं पुढे येऊ. १६६५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हेन्री ओल्डेनबर्गनं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं आणि विज्ञान हळूहळू ग्रंथांतून नियतकालिकांत आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नियतकालिकं इतकी वाढली की आपल्या विषयात कुणी काय लिहिलंय हे शोधणं अशक्य होऊन बसलं. १८५५ साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री यांची सूचना आली, की वैज्ञानिक लेखांची एक सूची करा. रॉयल सोसायटीनं ते काम अंगावर घेतलं. 'कॅटलॉग ऑफ सायंटिफिक पेपर्स'चा पहिला खंड १८६७ साली निघाला आणि शेवटचा, एकोणिसावा, १९२५ साली. १८०० ते १९०० एवढ्या शंभर वर्षांच्या लेखांची यादी पुरी व्हायला जवळजवळ साठ वर्षं लागली.

हा कॅटलॉग लेखकाच्या नावानं लावलेला होता. हेतू होता लेख सापडावा हा. पण एकदा एका माणसाच्या नावाखाली त्याचे सगळे लेख ओळीनं आले की काय होतं? माणूस ओळी मोजायला लागतो. याचे चाळीस, त्याचे बारा. जी यादी लेख शोधायला केली होती, तिच्यावरून माणसं तोलता येऊ लागली. याद्यांच्या इतिहासातलं हे फार मोठं वळण आहे, आणि ते कुणी ठरवून घेतलेलं नाही. विषयवार सूचीचं काम मात्र मोजक्या विषयांपुढे जाऊ शकलं नाही. म्हणजे शोधायचं साधन अपुरं राहिलं आणि मोजायचं साधन पुरं झालं!

याच सुमारास ब्रुसेल्समध्ये दोन वकील दुसरंच स्वप्न पाहत होते. पॉल ऑत्ले आणि आँरी ला फोंतेन. १८९५मध्ये त्यांनी जगातल्या सगळ्या छापील ज्ञानाची एक कार्डसूची सुरू केली. एका नोंदीला एक कार्ड. कार्डं खणांत, खण कपाटांत. पुढे ही संख्या एक कोटी वीस लाखांच्या वर गेली. कुठूनही टपालानं प्रश्न विचारा, आम्ही त्या विषयाची कार्डं नक्कल करून पाठवू, अशी सेवाही त्यांनी चालवली. ला फोंतेन यांना १९१३मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. ज्ञानाची वाटणी झाली तर देशांमधलं वैर कमी होईल, अशी या दोघांची श्रद्धा होती. पुढे सरकारी आश्रय गेला, १९४०च्या जर्मन ताब्यात संग्रहाचा काही भाग नष्ट झाला आणि १९४४ साली ऑत्ले वारले. जे उरलं ते आज बेल्जियममध्येच माँस इथे 'मुंडानेऊम' या संग्रहालयात आहे.

ऑत्लेंची सूची अपुरी का पडली? युद्ध आणि सरकार ही कारणं आहेतच. पण एक कारण रचनेतलंही आहे. सगळ्या जगाची यादी एका इमारतीत, मोजक्या माणसांनी करायची, हेच मुळी न झेपणारं होतं. ज्यानं लेख लिहिला त्याला स्वतःची नोंद घालता येत नव्हती. नोंद करणारा एकीकडे, लिहिणारा दुसरीकडे.

आता आपल्याकडे वळू. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे काम शंकर गणेश दाते यांनी केलं. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी ग्रंथांचा. तो १९४०च्या दशकात निघाला. दुसरा खंड १९३८ ते १९५० या काळाचा, तो १९६१ साली आला. आजही जुन्या मराठी पुस्तकाचं साल किंवा मुद्रक शोधायचा तर अभ्यासक आधी 'दाते सूची' उघडतो. एका माणसाचं नाव एका यादीला चिकटणं ही केवळ कौतुकाची बाब नाही. नोंद चुकली तर विचारायचं कुणाला, हे सगळ्यांना ठाऊक असणं म्हणजे ती यादी विश्वासार्ह असणं. मराठी नियतकालिकांच्या सूचीवर मात्र दात्यांच्या जोडीनं दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांची नावं आहेत. म्हणजे काम अनेकांचं असलं तरी ते निनावी नव्हतं.

इथे थोडं थांबून नावांविषयी बोलते, कारण खरी गोम तिथेच आहे.

कमला सोहोनी हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. १९३३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना सर सी. व्ही. रामन यांच्याशी झगडावं लागलं, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात अशी पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोमवर त्यांचं ते काम होतं. पण तेव्हा त्यांचं नाव होतं कमला भागवत. १९४७मध्ये लग्न झालं आणि पुढचं काम, मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधलं, नीरेच्या पोषणमूल्यांवरचं वगैरे, कमला सोहोनी या नावानं झालं.

आता लेखकाच्या नावानं लावलेली यादी मनात आणा. 'भ'खाली एक तरुण संशोधक आहे, तिनं केंब्रिजला उत्तम काम केलं आणि १९४७च्या आत ती अचानक थांबली. 'स'खाली एक बाई आहेत, त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर एकदम संशोधनात उगवल्या, मागचा काही पत्ता नाही. यादीनं एका माणसाच्या दोन व्यक्ती केल्या, आणि दोघी अर्ध्या. हे कुणी द्वेषानं केलेलं नाही. यादीच्या रचनेतच ते बसलेलं आहे. किती स्त्रियांचं काम असं दोन खणांत विभागून पडलं असेल याचा हिशेब कोण देणार?

आपल्या दर्शनांमध्ये प्रत्यभिज्ञेची चर्चा आहे. देवदत्त नावाच्या माणसाला पूर्वी एका गावी पाहिलं होतं, आज दुसऱ्या गावी, दुसऱ्या वेषात पाहिलं. 'तोच हा' असं ज्ञान होतं. हे 'तोच' आणि 'हा' कशानं जुळतात? नुसत्या आजच्या दर्शनानं जुळत नाहीत, नुसत्या आठवणीनंही नाहीत. दोन्ही एकत्र यावी लागतात. यादीला डोळे नाहीत आणि आठवणही नाही. तिला 'तोच हा' असं कुणीतरी सांगावं लागतं.

दाक्षिणात्य नावांची अडचण आणखी वेगळी. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन. यांतलं 'एस' म्हणजे शियाळी, हे गावाचं नाव. 'आर' म्हणजे रामामृत, हे वडिलांचं. रंगनाथन हे त्यांचं स्वतःचं नाव. पाश्चात्त्य पद्धतीच्या यादीत 'आडनाव' नावाचा जो रकाना असतो त्यात त्यांचं स्वतःचं नाव जाऊन बसतं. ज्यानं जगाला पुस्तकं लावायला शिकवलं, तोच त्या रकान्यात नीट मावत नाही.

आता संगणकाच्या काळात येऊ.

१९५५मध्ये युजीन गारफील्ड यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. लेखाच्या शेवटी ज्या पूर्वीच्या लेखांचे संदर्भ दिलेले असतात, त्यांचीच उलटी सूची करायची. म्हणजे एखादा लेख पुढे कुणी कुणी वापरला ते कळेल. १९६४पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागली. कल्पना सुरेख होती आणि हेतू पुन्हा शोधण्याचाच. पण जे रॉयल सोसायटीच्या कॅटलॉगचं झालं तेच झालं, फक्त दसपट वेगानं. कुणाचे किती लेख, यावर आता कुणाला किती उद्धृत केलं याची भर पडली.

दरम्यान कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्रात, म्हणजे स्लॅकमध्ये, ग्रंथालयातली मंडळी वेगळंच काम करत होती. कणभौतिकीतले लोक लेख छापून येईपर्यंत थांबत नाहीत, आधीच टंकलिखित प्रती एकमेकांना पाठवतात. ग्रंथालय या प्रतींची यादी ठेवायचं. १९७०च्या दशकात ती 'स्पायर्स' नावाच्या माहितीसाठ्यात गेली. अडचण अशी, की तिथपर्यंत पोचायला त्याच संगणकावर खातं लागे आणि आज्ञा शिकाव्या लागत.

आणि आता युरोपात बघा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये एक टिपण लिहिलं. त्यातली तक्रार ऐका. इथे हजारो माणसं काम करतात, पण बरेच जण दोनेक वर्षांत जातात. त्यांच्याबरोबर त्यांना असलेली माहितीही जाते. कुठला भाग कुणी केला, का केला, त्याचे कागद कुठे आहेत, हे नव्या माणसाला कळत नाही. या विस्मृतीवर उपाय म्हणून त्यांनी एकमेकांना दुव्यांनी जोडलेल्या मजकुराचं जाळं सुचवलं. तेच पुढे वर्ल्ड वाइड वेब झालं. आणि त्यांनी केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येई आणि तिथल्या तिथे लिहिताही येई.

आता हे दोन धागे जुळतात. स्लॅकमधले भौतिकशास्त्रज्ञ पॉल कुंझ १९९१च्या सप्टेंबरात सर्नला गेले, त्यांनी हे जाळं पाहिलं आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो स्पायर्सचा. ग्रंथपाल लुईझ अॅडिस यांनी तो उचलून धरला. १२ डिसेंबर १९९१ रोजी स्लॅकमध्ये अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्याच्यावर काय होतं? बातम्या नव्हत्या, जाहिराती नव्हत्या. लेखांची यादी होती. युरोपच्या बाहेर वेबला पहिलं काम दिलं ते प्रकाशनांची यादी दाखवण्याचं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस अलामॉसला पॉल गिन्सपार्ग यांनी पूर्वप्रतींचं भांडार सुरू केलं, आज आपण त्याला अर्काइव्ह म्हणून ओळखतो.

पण वेब पसरताना एक गोष्ट गळून पडली. लोकप्रिय झालेले ब्राउझर फक्त वाचायचे होते, लिहायचे नव्हते. ती गोष्ट परत आणली वॉर्ड कनिंगहॅम यांनी. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी प्रोग्रॅमर मंडळींसाठी असं संकेतस्थळ उघडलं, जिथे प्रत्येक पानाखाली 'दुरुस्त करा' असा दुवा होता. नाव दिलं 'विकीविकीवेब'. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं. २००१मध्ये विकिपीडिया आला आणि हा शब्द घराघरात पोचला. संशोधन संस्थांनीही आपापले अंतर्गत विकी काढले. सर्नमधल्या मोठमोठ्या प्रयोगांचं कितीतरी कामकाज अनेक वर्षं 'ट्विकी' नावाच्या विकीवर चाललं.

विकीचा गुण कुठला? कुणीही बदलू शकतो, हा झाला अर्धा गुण. उरलेला अर्धा म्हणजे पानाचा इतिहास. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं मागे राहतं. आपल्याकडच्या जुन्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमानं लिहायचा आणि खतावणीत तोच व्यवहार खातेवार मांडायचा. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर दुसरी नोंद घालून ती फिरवायची. विकीचं दिसणारं पान ही खतावणी आणि त्याच्या मागचा इतिहास ही रोजकीर्द. दोन्ही आहेत म्हणून 'कुणीही बदला' असं म्हणण्याचं धाडस करता येतं.

आता येऊ आपल्या त्या आठ-दहा जणांच्या गटाकडे.

अशा गटाच्या पानाचं सहसा काय होतं? पहिल्या वर्षी एखादी उत्साही विद्यार्थिनी सगळं नीट लावते. तिची पदवी होते, ती जाते. पुढे प्रत्येक जण आपल्या सोयीनं भर घालतो. एकाच लेखाची नोंद तीनदा होते, पूर्वप्रत म्हणून एकदा, परिषदेत वाचला म्हणून एकदा, नियतकालिकात छापला म्हणून एकदा. 'लवकरच प्रकाशित' असं लिहिलेला लेख चार वर्षं लवकरच प्रकाशित होत राहतो. बारभाईची खेती म्हणतात ती हीच. सगळे मालक, राखणदार कोणी नाही.

पहिला प्रश्न, नोंद कशाची? पूर्वप्रत, परिषदेतलं रूप आणि छापील लेख ही एकच कृती की तीन? ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघानं १९९८मध्ये याचं एक उत्तर दिलं. कृती वेगळी, तिची मांडणी वेगळी, तिची छापील आवृत्ती वेगळी आणि तुमच्या हातातली प्रत वेगळी. चार पायऱ्या. गटाच्या यादीत नोंद कृतीची करावी आणि तिची रूपं त्याच नोंदीखाली लिहावीत. तीन रूपांचे तीन लेख मोजणं ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का असेना.

इथे जुनं साधन अजून उपयोगी पडतं. १९८५मध्ये ओरेन पताश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्याबरोबर 'बिबटेक' तयार केलं. त्यात प्रत्येक नोंदीला एक कायमची किल्ली असते आणि लेखक, शीर्षक, साल असे वेगळे रकाने. नोंद एकदाच लिहायची, मग सालवार लावा, लेखकवार लावा, प्रबंधात वापरा, अहवालात वापरा. गेस्नरच्या चिठ्ठ्या आणि कात्री, दुसरं काही नाही. म्हणून विकीवर हातानं लिहिलेली सुंदर यादी ठेवण्यापेक्षा अशा नोंदींचा एकच साठा ठेवावा आणि पान त्यातून तयार व्हावं. २०००पासून क्रॉसरेफ ही संस्था लेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक द्यायची व्यवस्था चालवते. तो नोंदीत असला की तीच नोंद दुसऱ्यांदा शिरली तर लगेच पकडता येते.

दुसरा प्रश्न, कुणाच्या नावावर? २०१२मध्ये संशोधकांसाठी 'ऑर्किड' हा क्रमांक आला. फुलाशी त्याचा संबंध नाही. सोळा अंकी खूण आहे, नाव बदललं तरी ती बदलत नाही. कमला भागवत आणि कमला सोहोनी यांना एक करणारा 'तोच हा' तो क्रमांक सांगू शकला असता. पण क्रमांक आपोआप काही करत नाही. कुणीतरी जुने लेख शोधून त्याला जोडावे लागतात. गटाच्या पानावर प्रत्येक व्यक्तीची सगळी नावं एके ठिकाणी लिहिलेली असावीत आणि लेखावर जे नाव छापलं होतं ते नोंदीत तसंच ठेवावं. नवं नाव घालण्यासाठी जुनं पुसू नये आणि जुनं आहे म्हणून माणूस हरवू नये. अर्थात ज्या व्यक्तीला जुनं नाव पुसलेलंच हवं असतं, तिथे तिचा शब्द शेवटचा.

याच प्रश्नाचं दुसरं अंग, कुठला लेख गटाचा? गटात येण्याआधीचं काम? सोडून गेल्यावर इथल्याच सामग्रीवर लिहिलेला लेख? माझं मत असं, की काम जिथे झालं तिथली ती नोंद. माणूस गेला म्हणून त्याचं काम यादीतून काढणं म्हणजे बर्नर्स-लींनी सांगितलेली विस्मृती आपल्या हातानं करणं. आणि माणूस आला म्हणून त्याचं पूर्वीचं सगळं आपल्या खात्यात घेणं ही सरळसरळ उसनवारी आहे. नावांची संख्या वाढली तरी हा प्रश्न सुटत नाही. २०१५मध्ये सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर लेख छापला, त्याला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांच्या लेखात भौतिकी नऊ पानं होती आणि बाकीची जवळजवळ सगळी नावं. उलट २००९मध्ये टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकारानं अनेक गणितींनी मिळून उघड्यावर एक सिद्धता रचली, विकीवर टिपणं ठेवली आणि लेखावर 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' हे एकच कल्पित नाव घातलं. एकीकडे सगळ्यांची नावं, दुसरीकडे कुणाचंच नाही. पण पॉलिमॅथमध्ये कुणी काय सुचवलं ते शोधता येतं, कारण रोजकीर्द शाबूत आहे.

तिसरा प्रश्न, सांभाळायचं कुणी? याचं उत्तर आपल्याच देशानं अलीकडे महागात शिकून घेतलंय. २०१०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. लेख छापला की गुण. यादी आता पगाराला जोडली गेली. त्याबरोबर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. मग कुठली नियतकालिकं चालतील याची मान्यताप्राप्त यादी आली, आणि तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावंही घेतली गेली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की त्यांनी तपासलेल्या विद्यापीठ-शिफारशीच्या नियतकालिकांपैकी बहुतेक किमान निकषांतही बसत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. त्यानंतर 'केअर' नावाची यादी आली, तीही २०२५मध्ये मागे घेतली.

यात होरपळला कोण? ज्या तरुण अध्यापकानं यादी पाहून, भाबडेपणानं लेख पाठवला, तो. शिफारस करणाऱ्याचं नाव नोंदीशेजारी नव्हतं, तपासल्याची तारीख नव्हती, का घेतलं त्याचं कारण नव्हतं. भर घालणारे अनेक आणि उत्तर देणारा एकही नाही. दाते सूचीच्या अगदी उलट.

म्हणून गटाच्या पानाला चार साधे नियम पुरतात असं मला वाटतं. नोंद कुणीही घालावी, पण राखणदाराचं नाव पानावर लिहिलेलं असावं आणि तो गट सोडताना दुसऱ्याच्या हाती रीतसर सूत्रं द्यावीत. प्रत्येक नोंद मूळ लेख उघडून पडताळावी आणि पडताळल्याची तारीख घालावी. कुठलीही नोंद पुसू नये. लेख मागे घेतला गेला असेल तर नोंद ठेवून तसं स्पष्ट लिहावं, कारण मागे घेतलेला लेख हाही गटाच्या इतिहासाचा भाग आहे. आणि चौथा नियम, त्या पानावर बेरीज लिहू नये. 'एकूण लेख इतके' ही ओळ नको. ज्याला मोजायचं असेल तो मोजेलच, त्याची सोय आपण करू नये.

या चौथ्या नियमावर तुम्ही म्हणाल, की अहो, अहवालात आकडा मागतात, त्याचं काय करायचं? द्यावा, अहवालात द्यावा. पण अहवालाचा कागद आणि गटाची यादी या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे विसरू नये. अहवाल वरच्यांना द्यायचा असतो. यादी असते ती पुढच्या वर्षी गटात येणाऱ्या, अजून कुणालाच ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यासाठी. त्याला कळायला हवं की हा प्रयोग आधी कुणी केला, कुठे फसला, कुणाला विचारावं. आकड्यानं त्याला काहीही कळत नाही.

तुमच्यापैकी जे कुठल्या विभागात किंवा गटात असतील, त्यांना एवढंच सुचवते. आपली यादी उघडा आणि त्यातल्या कुठल्याही पाच नोंदी मूळ लेखाशी ताडून पाहा. नाव छापलं होतं तसं आहे का, साल बरोबर आहे का, दोन नोंदी एकाच लेखाच्या नाहीत ना. मग जे सोडून गेले त्यांच्यापैकी कुणाचं काम गळलंय का, ते शोधा. विशेषतः ज्यांची नावं मधे बदलली त्यांचं.

इथे थांबते. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.